पाच विश्वचषक आणि न आलेला पाचवा सामना



या व्याख्यानमालेत संतांवर बोलणे होते, स्वराज्यावर होते, अर्थकारणावर आणि आरोग्यावर होते. खेळावर क्वचित होते, आणि झालेच तर ते क्रिकेटवर. तेव्हा मेक्सिको देशातल्या एका फुटबॉलपटूचे नाव पत्रिकेवर पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. त्यातही हा खेळाडू पेले नव्हे, माराडोना नव्हे. त्याने विश्वचषक जिंकला नाही. उपांत्यपूर्व फेरीचे तोंडसुद्धा पाहिले नाही. मग या माणसात व्याख्यान देण्याजोगे काय आहे?

आमचे उत्तर असे की, जिंकलेल्याचे मोल करणे सोपे असते. ते काम चषकच करून टाकतो. परंतु ज्याने ऐन उमेदीची वर्षे एका गोष्टीच्या मागे घालविली आणि ती गोष्ट त्याला अखेरपर्यंत मिळाली नाही, त्याच्या श्रमांचे मोल कशाने करावयाचे? हा प्रश्न मैदानापुरता नाही. तो तुमच्याआमच्या घरचा आहे. आंद्रेस ग्वार्दादो या खेळाडूची कारकीर्द हा प्रश्न फार स्वच्छपणे मांडते, म्हणून ती आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्याची मैदानावरची जागा समजून घेऊ. फुटबॉलमध्ये अकरा जण खेळतात. एक गोल राखतो, मागची फळी शत्रूला थोपवते, पुढची फळी गोल करते. या दोहोंच्या मध्ये जे तीन-चार जण धावत असतात, ती मधली फळी. मागच्यांकडून चेंडू घ्यावयाचा, पुढच्यांना द्यावयाचा. आणि चेंडू गेला की तो परत मिळवायला धावावयाचे. लग्नघरात कोठीवर बसलेला माणूस असतो ना, तसे हे काम आहे. हार नवरदेवाच्या गळ्यात पडतो, दक्षिणा भटजींना मिळते, विहीणबाईंचा मान होतो. कोठीवाल्याचे नाव निघते ते फक्त पंगतीत मीठ कमी पडले म्हणजे. मधल्या फळीतल्या माणसाचे तसेच आहे. त्याचे काम गोलफलकावर उमटत नाही. ते नसले म्हणजे मात्र सगळ्यांना कळते.

ग्वार्दादो या जागेवर जन्मापासून नव्हता. तो तिथे कसा आला, हीच आजची निम्मी कथा आहे.

त्याचा जन्म २८ सप्टेंबर १९८६ चा, ग्वादलाहारा शहरातला. हे मेक्सिकोतले मोठे आणि फुटबॉलवेडे शहर. तिथे दोन संघ परंपरेने एकमेकांसमोर उभे असतात. एक 'चिवास', म्हणजे विजेतेपदांनी भरलेले घर. दुसरा 'आत्लास', १९१६ साली स्थापन झालेला, लाल-काळ्या पोशाखाचा. आत्लासची ख्याती दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे, त्याच्या तालमीतून देशाला उत्तमोत्तम खेळाडू मिळाले. दुसरी म्हणजे, १९५१ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवल्यानंतर पुढच्या विजेतेपदासाठी त्याला थेट २०२१ सालापर्यंत वाट पाहावी लागली. सत्तर वर्षे! ज्या घरात आजोबांनी जिंकलेले पाहिले आणि नातवाने ते फक्त ऐकले, त्या घरात ग्वार्दादो वाढला. अशा संघाचे प्रेक्षक जिंकण्यासाठी येत नाहीत. ते येतात, कारण तो त्यांचा संघ असतो. ही शिकवण पोराला बालपणीच मिळाली असावी असे आम्हांस वाटते.

२००५ साली तो आत्लासच्या मुख्य संघात आला. डाव्या पायाचा, चपळ, डाव्या बगलेने चेंडू पळवीत नेणारा पोरगा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हंगेरीविरुद्ध तो राष्ट्रीय संघातून खेळला, आणि २००६ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक रिकार्दो ला व्होल्पे यांनी त्याला जर्मनीतल्या विश्वचषकाला नेले. वय १९. साखळीतले तिन्ही सामने तो बाकावर बसून होता. मग २४ जून रोजी लाइपझिग येथे अर्जेंटिनाविरुद्ध बाद फेरीचा सामना आला आणि त्याला प्रथमपासून मैदानात उतरविण्यात आले. मेक्सिकोने सहाव्याच मिनिटाला गोल केला, पण अर्जेंटिनाने लगेच बरोबरी साधली, आणि जादा वेळेत माक्सी रोद्रिगेसने छातीवर घेतलेला चेंडू डाव्या पायाने दुरून जाळ्यात धाडला. १-२. योगायोग पाहा. त्याच दिवशी अर्जेंटिनाच्या बाकावरल्या एका मुलाचा एकोणिसावा वाढदिवस होता, आणि शेवटी त्यालाही काही मिनिटे मैदानात पाठविले गेले. त्याचे नाव लिओनेल मेस्सी. हे दोघे पुढे पुन्हा भेटणार आहेत.

आता 'पाचवा सामना' हे काय प्रकरण आहे ते सांगितले पाहिजे. त्या काळच्या विश्वचषकात साखळीचे तीन सामने, त्यानंतर सोळा संघांची बाद फेरी हा चौथा सामना, आणि तो जिंकला तर उपांत्यपूर्व फेरी हा पाचवा. मेक्सिको १९७० आणि १९८६ या दोन्ही वेळी, स्वतःच्या भूमीवर, उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला होता. परदेशी भूमीवर मात्र १९९४ पासून २०१८ पर्यंत सात विश्वचषकांत सातही वेळा तो साखळी पार करून गेला आणि सातही वेळा चौथ्या सामन्यात हरला. बल्गेरिया, जर्मनी, अमेरिका, अर्जेंटिना, पुन्हा अर्जेंटिना, नेदरलँड्स, ब्राझील. 'एल किंतो पार्तिदो', म्हणजे पाचवा सामना, हे दोन शब्द त्या देशात एखाद्या शापासारखे उच्चारले जाऊ लागले. दर चार वर्षांनी आशा, आणि दर चार वर्षांनी त्याच उंबरठ्याला ठेच. या सातांपैकी शेवटच्या चार वेळी ग्वार्दादो संघात होता.

२००७ साली तो स्पेनमध्ये देपोर्तिवो ला कोरुन्या या संघाकडे गेला. एकेकाळी स्पेनचे विजेतेपद मिळवलेला हा संघ तेव्हा उतरणीला लागला होता. मे २०११ मध्ये, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, स्वतःच्या मैदानावर वालेन्सियाकडून हरून तो दुसऱ्या श्रेणीत घसरला. अशा वेळी नावाजलेले खेळाडू बहुधा सामान बांधतात. ग्वार्दादो राहिला. पुढच्या हंगामात त्या संघाने दुसऱ्या श्रेणीत ९१ गुण मिळवून पहिला क्रमांक पटकावला आणि तो परत वर आला. त्यात या डाव्या पायाचा वाटा मोठा होता. संघाला वर आणून सोडल्यावरच तो तिथून निघाला. घर गळत असताना छपरावर चढणारा आणि गळती थांबल्यावर निरोप घेणारा भाडेकरू विरळाच.

पण पुढची दोन वर्षे कठीण गेली. वालेन्सियात त्याला डाव्या बाजूच्या बचावपटूचे काम देण्यात आले. ते त्याचे नव्हते, तरी त्याने ते केले. जानेवारी २०१४ मध्ये त्याला जर्मनीतल्या लेव्हरकुझेन संघाकडे उसना पाठविण्यात आले, आणि तिथे खेळायला फारसे मिळालेच नाही. वय सत्तावीस. बगलेने पळणाऱ्या खेळाडूची धाव याच वयाच्या सुमारास एकेक पाऊल कमी होऊ लागते, आणि त्याच वर्षी विश्वचषक होता. कारकिर्दीचे पान इथेच मिटले असते तर कोणाला आश्चर्य वाटले नसते.

ते मिटले नाही, याचे कारण त्याने जागा बदलली. ब्राझीलच्या विश्वचषकात प्रशिक्षक मिगेल एरेरा यांनी त्याला बगलेवरून आत, मधल्या फळीत आणले. तिथे त्याने क्रोएशियाविरुद्ध गोलही केला. आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये तो हॉलंडात, आइंडहोवनच्या पी. एस. व्ही. या संघात दाखल झाला. दिवे आणि रेडिओ यांमुळे आपल्या घराघरांत ठाऊक झालेल्या फिलिप्स कंपनीच्या कामगारांचा हा संघ, १९१३ सालचा. तिथले प्रशिक्षक फिलिप कोकू हे स्वतः एकेकाळचे मधल्या फळीतले नाणावलेले खेळाडू. त्यांनी ग्वार्दादोला मैदानाच्या ऐन मध्यावर, तेही जरा मागे, उभे केले.

बगल आणि मध्य यांत फरक काय? बगलेवरच्या खेळाडूच्या एका बाजूला मैदानाची रेघ असते. तिकडून कोणी येत नाही. त्याने अर्धेच जग पाहिले तरी भागते, आणि उरलेले पायांच्या वेगाने निभावून नेता येते. मधल्याला चारी दिशांनी माणसे येतात. चेंडू पायाशी आल्यावर विचार करायला तिथे सवडच नसते. तो येण्यापूर्वीच मान वळवून पाहून ठेवावे लागते की कोण कुठे आहे. पायांची धाव वयाबरोबर जाते, पण नजर वयाबरोबर वाढू शकते. ग्वार्दादोने जे जात होते त्याचा शोक केला नाही. जे वाढत होते त्याच्यावर संसार मांडला. मेम्फिस डेपाय आणि जॉर्जिनिओ वायनाल्डम यांसारखे तरुण पुढे धावत, आणि त्यांच्यापाशी चेंडू वेळेवर पोहोचविण्याचे काम हा मागे राहून करी. पी. एस. व्ही.ला २००८ नंतर हॉलंडचे विजेतेपद मिळाले नव्हते. ते २०१५ साली मिळाले, आणि २०१६ साली हंगामाच्या अखेरच्या दिवशी पुन्हा मिळाले.

बंधुभगिनींनो, हा भाग आम्ही जरा विस्ताराने सांगितला, कारण त्यात शिकण्यासारखे आहे. तिशीच्या उंबरठ्यावर आपले जुने कौशल्य बाजूला ठेवून नवे काम शिकणे, आणि तेही ज्यात टाळ्या कमी आहेत असे, हे कोणत्याही धंद्यातल्या माणसाला जड जाते. पुष्कळांची कारकीर्द शक्ती संपल्याने संपत नाही. ती जुन्या जागेचा हट्ट न सुटल्याने संपते.

आता आम्ही त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत अवघड घटकेकडे वळतो. तीत वैभव नाही. तिला थोडा डागच आहे.

२०१५ चा जुलै. उत्तर व मध्य अमेरिकेच्या राष्ट्रांची 'गोल्ड कप' स्पर्धा, अटलांटा शहरातला उपांत्य सामना, मेक्सिको विरुद्ध पनामा. पनामाचा एक खेळाडू पंचांनी लवकरच बाहेर काढला, तरी दहा जणांनी खेळत पनामाने गोल केला आणि ०-१ असा सामना शेवटच्या दोन-तीन मिनिटांवर आणला. तेवढ्यात पनामाचा बचावपटू रोमान तोर्रेस गोलासमोर पडला आणि पडतापडता चेंडू त्याच्या हाताला लागला. पंचांनी मेक्सिकोला पेनल्टी दिली. ती अन्यायाची होती, असे मैदानावर बहुतेकांना दिसत होते. पनामाचे खेळाडू संतापले. बाचाबाची, ढकलाढकली झाली. खेळ दहा मिनिटांच्या आसपास थांबला. आणि तो सगळा वेळ चेंडू ठेवून ती पेनल्टी मारण्यासाठी उभा होता कर्णधार ग्वार्दादो.

त्याने काय करावे? चेंडू मुद्दाम बाहेर मारावा? तो विचार आपल्या मनात येऊन गेला होता, हे त्याने सामन्यानंतर उघडपणे सांगितले. परंतु त्याने चेंडू जाळ्यात मारला. जादा वेळेत दुसरी पेनल्टी मिळाली, तीही त्यानेच मारली, आणि मेक्सिको २-१ असा जिंकला. अंतिम सामन्यात जमेकाविरुद्ध पहिला गोल त्याचा, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बहुमानही त्यालाच. पुढे स्पर्धेच्या संघटनेनेही त्या उपांत्य सामन्यात पंचांच्या चुका झाल्याचे मान्य केले.

या प्रसंगाचा निकाल देण्यापूर्वी दोन जुने प्रसंग आठवले पाहिजेत. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत अर्जेंटिनाचा पहिला गोल ऑफसाइड होता. मैदानातल्या मोठ्या पडद्यावर तो सगळ्यांनी पाहिला, तरी पंचांनी तो कायम ठेवला. मेक्सिको हरला, ग्वार्दादो त्या मैदानात होता. २०१४ साली फोर्तालेझा येथे नेदरलँड्सविरुद्ध अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत मेक्सिको १-० पुढे होता. आधी बरोबरी झाली, आणि मग भरपाईच्या वेळेत रोबेन पडला, पेनल्टी दिली गेली आणि पाचवा सामना हातचा गेला. ती पेनल्टी खोटी होती असे आजही मेक्सिकोत हजारो लोक म्हणतात. ग्वार्दादो त्याही मैदानात होता. म्हणजे पंचांच्या निर्णयाची झळ काय असते, हे ज्याला पुरते ठाऊक होते, त्याच्याच पायाशी एके दिवशी त्याच जातीचा लाभ येऊन पडला.

आमच्या मते चेंडू बाहेर मारणे सोपे होते. त्याने एका रात्रीत तो जगाचा साधुपुरुष झाला असता. परंतु तो चेंडू त्याच्या एकट्याचा नव्हता; मागे दहा जण आणि एक देश उभा होता, आणि पंचांचा निर्णय फिरवणे हे खेळाडूचे काम नव्हे. उलट, "आम्ही जिंकलो, बाकी आम्हांला ठाऊक नाही," असे म्हणणेही सोपे होते. त्याने कर्तव्य केले आणि त्याची टोचणी लपवली नाही. पनामाच्या माणसाला एवढ्याने समाधान होणार नाही, व्हावयाचे कारणही नाही. आपणांपैकी काहींना वाटेल की त्याने चेंडू बाहेरच मारायला हवा होता. तसे वाटणाऱ्यांशी आमचा वाद नाही; मात्र दहा मिनिटे त्या चेंडूमागे उभे राहून मग तसे वाटावे, एवढेच आमचे म्हणणे.

पुढची वाट झपाट्याने चालू. २०१७ साली तो स्पेनच्या सेव्हिल शहरातल्या रेआल बेतिस संघात आला आणि साडेसहा वर्षे राहिला. स्पेनच्या पहिल्या श्रेणीत खेळलेल्या मेक्सिकनांत ह्यूगो सांचेस यांच्याबरोबर त्याचेही नाव घ्यावे लागेल. ह्यूगो सांचेस गोलांसाठी गाजले, हा हजेरीसाठी. २३ एप्रिल २०२२ रोजी बेतिसने स्पेनच्या राजाचा चषक जिंकला. समोर त्याचाच जुना संघ वालेन्सिया, १-१ बरोबरी, मग पेनल्टींचा निकाल. बेतिसची तिसरी पेनल्टी पस्तीस वर्षांच्या ग्वार्दादोने मारली आणि ती गोलात गेली. सतरा वर्षे त्यापूर्वी बेतिसला तो चषक मिळाला नव्हता.

विश्वचषकात मात्र उंबरठा तोच राहिला. २०१८ साली मॉस्कोत मेक्सिकोने जगज्जेत्या जर्मनीला १-० असे हरविले. त्या सामन्यात चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला कर्णधार ग्वार्दादो बाहेर आला आणि त्याच्या जागी राफाएल मार्केस आत गेला, पाचव्या विश्वचषकात पाऊल टाकण्यासाठी. मार्केसही आत्लासच्याच तालमीतला. दंडावरची पट्टी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेली. पण पुढे ब्राझीलने २-० असे घरी पाठविले.

२०२२ साली कतार. ग्वार्दादोचा पाचवा विश्वचषक. पहिल्या सामन्यात तो खेळला नाही. २६ नोव्हेंबरला लुसैल येथे पुन्हा अर्जेंटिना, पुन्हा मेस्सी, आणि मेक्सिकोचा कर्णधार ग्वार्दादो. लाइपझिगला सोळा वर्षे झाली होती. बेचाळिसाव्या मिनिटाला दुखापतीमुळे तो बाहेर आला. उत्तरार्धात मेस्सीने गोल केला, ०-२. त्या वेळी मेक्सिकोला चौथा सामनाही मिळाला नाही. १९७८ नंतर प्रथमच तो साखळीत गळाला. तीन आठवड्यांनी त्याच लुसैलमध्ये मेस्सीने चषक उचलला. लाइपझिगला त्या दिवशी समोरासमोर आलेल्या दोघांपैकी एक शिखरावर, एक पायथ्याशी.

कोणी म्हणेल, पाच विश्वचषक म्हणजे केवळ टिकून राहणे. त्यात कर्तृत्व ते काय? शिवाय छत्तीस वर्षांच्या माणसाने एखाद्या तरुणाची जागा अडविली नाही काय? शंका रास्त आहे. परंतु टिकून राहणे आणि चिकटून राहणे यांत अंतर आहे. चिकटणारा जुन्या जागेवर चिकटतो. ग्वार्दादो पाच विश्वचषक खेळला ते बगलेवरून मध्यावर, मध्यावरून आणखी मागे, कधी कर्णधार तर कधी बाकावर, अशा बदलत्या जागांवरून. पाच वेळा पाच वेगळ्या प्रशिक्षकांना त्याची गरज वाटली.

मेक्सिकोत पाच विश्वचषकांची ही परंपरा जुनी आहे. गोलरक्षक आन्तोनियो कार्बाहाल हे १९५० पासून १९६६ पर्यंत पाचही स्पर्धांत खेळले, जगातले पहिलेच. त्यांच्या काळी मेक्सिको बहुधा हरण्यासाठीच जात असे. विश्वचषकातला देशाचा पहिला विजय त्यांनी १९६२ साली, चौथ्या खेपेला पाहिला, आणि १९६६ चा त्यांचा अखेरचा सामना ०-० असा सुटला. त्यांची कारकीर्द लेओन या संघात गेली. मार्केसही काही वर्षे लेओनला खेळला. आणि जानेवारी २०२४ मध्ये स्पेन सोडून ग्वार्दादो मायदेशी परतला तो लेओनमध्येच, आणि त्याच वर्षाअखेर त्याने खेळ थांबविला. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी तोलुका येथे होंडुरासविरुद्ध राष्ट्रीय संघाने त्याला निरोपाची काही मिनिटे खेळविले. त्या संघाचे प्रशिक्षक होते २०१० चेच हाविएर आगिर्रे, आणि त्यांचा साहाय्यक होता मार्केस.

एक गंमत सांगून संपवितो. २०२६ पासून विश्वचषकात ४८ संघ घेण्याचे ठरले आणि बाद फेरी एकाने वाढली. त्यामुळे पाचवा सामना म्हणजे उपांत्यपूर्व फेरी, हे समीकरणच मोडले. ज्या उंबरठ्यासाठी एका पिढीने डोके फोडून घेतले, तो उंबरठा एका ठरावाने सरकला! मग त्या पिढीचे श्रम फुकट गेले काय? उंबरठ्यावरच मोल अवलंबून असेल तर गेले. पण ला कोरुन्याचा संघ वर आला तो वर आला. आइंडहोवनच्या पोरांना चेंडू वेळेवर मिळाला तो मिळाला. सेव्हिलची तिसरी पेनल्टी गोलात गेली ती गेली. पंगत नीट उठली म्हणजे कोठीवाल्याचे काम झाले. मग हार कोणाच्याही गळ्यात पडो.